इंजिन चौथऱ्यावरून खाली उतरवा

वाफेचं इंजिन जपायचं म्हणजे काय करायचं, याचं आपल्याकडचं उत्तर कधीच ठरून गेलं आहे. स्टेशनाबाहेर एक चौथरा बांधायचा, त्यावर हातभर रूळ टाकायचे, क्रेनने इंजिन उचलून ठेवायचं. अंगाला काळा ऑइलपेंट, बफरला लाल, चाकांच्या कडांना पांढरा. भोवती साखळी, पुढे पाटी. पाहुणे येतात, फीत कापली जाते, फोटो निघतात. मग पावसाळा येतो.

पाऊस चिमणीतून थेट आत उतरतो आणि स्मोकबॉक्सच्या, म्हणजे चिमणीखालच्या धुराच्या पेटीच्या, तळाशी साचतो. तिथे वर्षानुवर्षांची राख असते, कारण इंजिन चौथऱ्यावर चढवताना ती काढायचं कुणाला सुचत नाही. राख आणि पाणी एकत्र आलं की पत्रा खायला सुरुवात होते. दर स्वातंत्र्यदिनाला बाहेरून रंगाचा नवा हात बसतो, आतला पत्रा दर वर्षी पातळ होत जातो. पितळेच्या वस्तू तर त्याआधीच गेलेल्या असतात. गेज, झडपा, शिट्टी, ज्याला जे खोलता आलं ते. दहा-पंधरा वर्षांनी चौथऱ्यावर उरतं ते इंजिनाचं रंगवलेलं टरफल. कागदोपत्री मात्र ते ‘जतन केलेलं’ असतं.

हे सगळं सांगायचं कारण नेरळ-माथेरान. ही छोटी रेल्वे महाराष्ट्राची एकमेव डोंगरी रेल्वे आहे आणि तिची वाफेची इंजिनं अजून पूर्ण नष्ट झालेली नाहीत. त्यांपैकी एका इंजिनात पुन्हा विस्तव पेटवता येईल, आणि ते येत्या पाच-सहा वर्षांत झालं नाही तर पुढे कधीच होणार नाही, असं माझं ठाम मत आहे. लोखंड थांबेल, लोखंडाला जागं करणारी माणसं थांबणार नाहीत. लेख त्यासाठी आहे.

आधी इंजिनांची ओळख. मुंबईतले उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०१ ते १९०७ या काळात ही लाइन बांधली. पैसा वडिलांचा, खर्च सोळा लाख रुपये. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, लांबी सुमारे एकवीस किलोमीटर. २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे जनक. (हे गृहस्थ पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायच्या मागे लागले आणि त्यांनी आपल्या पॅराशूटला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. अरुंद रुळांवरून थेट आकाशात! त्या पिढीतल्या इंजिनिअरांचं हे असंच असायचं.)

नेरळ सोडलं की गाडीला साडेसातशे मीटरच्या आसपास उंची चढायची असते. चढ जागोजागी वीसात एक, म्हणजे वीस फूट पुढे जाल तेव्हा एक फूट वर. वळणं त्याहून अवघड: काही वळणांची त्रिज्या साठ फुटांच्या आसपास आहे. तेवढ्याशा जागेत अख्खी गाडी वळवायची. दार्जिलिंगला चढ काबूत ठेवायला लूप आणि उलटसुलट झिगझॅग आहेत, निलगिरीला दात्यांचा रूळ आहे. माथेरानला यातलं काही नाही. सरळ चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर गाडी वर न्यायची. त्यामुळे सगळा भार इंजिनाच्या रचनेवर आला.

ही इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यात बनली. चार होती, ७३८ ते ७४१ हे त्यांचे क्रमांक. प्रत्येकाला सहा चाकं आणि सहाही चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, म्हणजे सहाही जोर लावणार. आता पंचाईत अशी, की सहा चाकं ताठ चौकटीत बसवली तर एवढ्या अरुंद वळणात ती रुळांना घासतात, अडकतात, शेवटी रूळ सोडतात. चाकं मोकळी ठेवली तर दांड्या जोडता येत नाहीत. यावर क्लीन आणि लिंडनर या दोन जर्मन इंजिनिअरांनी काढलेली युक्ती या इंजिनांत आहे. पुढच्या आणि मागच्या जोडीचा धुरा पोकळ. त्या पोकळीतून दुसरा भरीव धुरा आरपार जातो आणि तो चौकटीत पक्का बसलेला असतो. दांड्या याच भरीव धुऱ्याला. दोन्ही धुरे मधोमध एका गोलाकार सांध्याने आणि आडव्या खिळीने जोडलेले. त्यामुळे फिरण्याचा जोर पोकळ धुऱ्यापर्यंत पोचतो, पण चाकांची जोडी वळणात थोडी तिरपी होऊ शकते, थोडी बाजूला सरकू शकते. बाहेरून पाहिलं तर यातलं काही दिसत नाही. दांड्या सरळ फिरत राहतात आणि चाकं मात्र रुळाच्या मर्जीने वळतात.

हा सांधा झिजतो. सतत झिजतो. त्याला तेल पोचवणं कठीण, उघडून बघणं त्याहून कठीण. नेरळच्या शेडमध्ये या इंजिनांना पंचाहत्तर वर्षं चालतं ठेवलं गेलं, ते जर्मनीहून कुणी येऊन नाही. इथल्याच फिटरांनी, खलाशांनी, बॉयलरवाल्यांनी ठेवलं. १९८२च्या सुमारास डिझेलने वाफेची जागा घेतली आणि ही सगळी मंडळी दुसऱ्या कामांना लागली.

ती काय करत होती हे आजच्या वाचकाला सांगायला हवं, कारण ‘वाफेचं इंजिन चालवणं’ म्हणजे फावड्याने कोळसा टाकणं, अशी आपली समजूत सिनेमांनी करून दिली आहे. इंजिन सकाळी निघायचं तर त्याचा दिवस आदल्या रात्रीच सुरू होई. पेटवण्याआधी पहिली गोष्ट म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी गेजची काच पाहायची. पाणी दिसलं नाही तर काडी लावायची नाही. मग लाकडं, तेलात भिजवलेलं कॉटन वेस्ट, मग हळूहळू कोळसा. ‘हळूहळू’ हाच त्यातला मुख्य शब्द. बॉयलरचे पत्रे, नळ्या आणि फायरबॉक्सच्या (विस्तवाच्या पेटीच्या) भिंती वेगवेगळ्या गतीने तापतात, फुगतात. घाई केली की सांधे गळू लागतात आणि एका रात्रीची घाई महिनाभराच्या दुरुस्तीवर जाते. वाफ पुरेशी चढायला काही तास लागतात. तेवढ्या वेळात तेलाचा डबा घेऊन इंजिनाभोवती फिरायचं, प्रत्येक बेअरिंगला तेल, प्रत्येक पिनला हात लावून बघायचं.

आणि चढावर निघाल्यावर पाण्याची खरी परीक्षा. फायरबॉक्सचं छत कायम पाण्याखाली राहिलं पाहिजे. ते उघडं पडलं तर काही मिनिटांत तापून मऊ होतं आणि मग बॉयलर फुटण्याची वेळ येते. पण पाणी सपाटी सोडत नाही. वीसात एक चढावर तीन मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये एका टोकाला पाणी दुसऱ्या टोकापेक्षा पंधरा सेंटिमीटर वर चढतं. चिमणी वरच्या बाजूला असेल तर ते मागे फायरबॉक्सकडे सरकतं आणि छत सुरक्षित राहतं. इंजिन उलटं लावलं तर नेमका उलटा प्रकार. गाडी चढावरून सपाटीवर आली की काचेतलं पाणी एकदम खाली बसतं, आणि ज्याला तो रस्ता पाठ नाही त्याची पाचावर धारण बसते. म्हणून फायरमनला प्रत्येक वळण आणि प्रत्येक चढउतार आधीच डोक्यात ठेवावा लागे. कुठे पाणी भरायचं, कुठे विस्तव जाड ठेवायचा, कुठे झडप आवळायची. छताचं पाणी गेलंच तर शेवटचा उपाय म्हणून फायरबॉक्सच्या छतात शिसं भरलेला एक प्लग असे. शिसं वितळलं की वाफ आत येऊन विस्तव विझवायची. तो प्लग वितळला, की त्या फायरमनचं नाव शेडभर व्हायचं. चांगल्या अर्थाने नव्हे.

दर काही दिवसांनी बॉयलर थंड करून वॉशआउट. प्लग उघडायचे, पाण्याच्या जोरदार धारेने तळाचा गाळ आणि क्षाराचे थर बाहेर काढायचे. क्षार राहिले तर पत्र्याला पाण्याचा गारवा पोचत नाही आणि तो जळतो. फायरबॉक्सच्या दोन भिंती एकमेकींना शेकडो बारीक स्टेबोल्टांनी बांधलेल्या असतात. एखादा आतल्या आत तुटला तर बाहेरून दिसत नाही. बॉयलरवाला छोट्या हातोड्याने एकेकावर टकटक करत जायचा. शाबूत बोल्टचा आवाज वेगळा, तुटलेल्याचा वेगळा. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, पण आवाज पुस्तकात ऐकू येत नाही. तसंच चिमणीतल्या ठोक्यांचं. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. चारही सारखे पडायला हवेत. एक लंगडला, की अनुभवी ड्रायव्हर नेरळच्या शेडमध्ये पोचायच्या आधीच सांगायचा, कोणत्या बाजूचा व्हॉल्व्ह हलला आहे.

आता हिशेब मांडा. माथेरानची वाफ १९८२ची गेलेली. त्या वेळी पंचविशीत असलेला खलाशी आज सत्तरीला टेकला. ड्रायव्हर झालेला माणूस असेल तर त्याहून कितीतरी म्हातारा. चित्तरंजनच्या कारखान्यातून वाफेचं शेवटचं इंजिन १९७२ साली बाहेर पडलं. भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी डिसेंबर १९९५मध्ये फिरोजपूर-जालंधर मार्गावर शेवटची धावली. म्हणजे देशभरातही रोजच्या कामातून हे शिकलेली तरुणातली तरुण माणसं निवृत्त झाली किंवा निवृत्तीच्या उंबऱ्यावर आहेत. पुढची पाच-सहा वर्षं त्यांच्या हाताखाली कुणी उमेदवारी केली तर ही विद्या आणखी चाळीस वर्षं जाईल. नाही केली तर ती मॅन्युअलात राहील, जिथे ती आजही आहे आणि तिचा कुणाला उपयोग होत नाही.

आपण एकदा असं गमावलेलं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं होती. शाळेतल्या मुलांनासुद्धा नावं पाठ आहेत. इंजिनं? एकही उरलेलं नाही. अख्ख्या आशियाला अभिमान वाटावा अशी ती इंजिनं हातची गेली, तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नसावं. ती जुनी झाली होती, एवढंच.

माथेरानच्या चारांपैकी ७३८ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ७४० थेट इंग्लंडला गेलं. लंडनच्या उत्तरेला बेडफर्डशरमध्ये लेटन बझर्ड म्हणून गाव आहे, तिथे पूर्वी वाळू वाहणारी दोन फुटी रेल्वे हौशी स्वयंसेवक चालवतात, त्यांनी ते आपलं मानून घेतलं. उरलेली दोन याच मार्गावर शोभेला ठेवली गेली. मला म्हणायचं आहे ते या दोघांबद्दल. दिल्लीचं आणि इंग्लंडचं ज्यांचं त्यांनी बघावं.

‘हे आता कुणाला जमणार?’ असं विचारणारे भेटतात. त्यांना निलगिरीकडे बोट दाखवावं. मेट्टुपालयम ते कुन्नूर चढणारी वाफेची इंजिनं मूळ स्वित्झर्लंडची. ती थकली तेव्हा रेल्वेने तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात त्याच धर्तीची नवी इंजिनं बनवली. दुरुस्ती नव्हे, पूर्ण नवी, बॉयलरसकट, आणि तीही या शतकात. दात्यांच्या रुळावर वीसात एकहून कितीतरी कठीण चढ चढणारं इंजिन आपल्या देशात नव्याने घडू शकतं, तर नेरळचं छोटं सहाचाकी चालतं करणं अशक्य कसं? दार्जिलिंगला तर शंभरीच्या घरातली किंवा शंभरी ओलांडलेली इंजिनं आजही पर्यटकांना घुमपर्यंत नेऊन आणतात, आणि तिनधारियाचा कारखाना त्यांची देखभाल करतो. १८५५ साली बनलेलं ‘फेअरी क्वीन’ १९०९मध्ये सेवेतून निघालं होतं. १९९७ साली ते पुन्हा मुख्य लाइनवर धावलं. पुढे त्याचे भाग चोरीला गेले, इंजिन पुन्हा बंद पडलं, पेरांबूरच्या कारखान्याने ते पुन्हा उभं केलं आणि २०१७मध्ये परत सुरू झालं. भाग चोरीला गेलेलं इंजिनही उभं राहतं, हे ज्यांना आपल्या इंजिनाच्या अवस्थेबद्दल शंका आहे त्यांनी लक्षात ठेवावं.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण ते थेट लागू पडतं. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे. १९५० साली मालकाच्या निधनानंतर ती बंद पडणार होती. लेखक एल. टी. सी. रोल्ट यांनी बर्मिंगहॅममध्ये लोकांची सभा बोलावली आणि १९५१पासून स्वयंसेवकांनी गाडी चालवायला घेतली. जगात अशा तऱ्हेने वाचलेली ती पहिली रेल्वे. तिची १८६०च्या दशकातली दोन्ही मूळ इंजिनं आजही काम करतात. त्या सभेला आलेले सगळे काही इंजिनिअर नव्हते.  रेल्वेला माणसं लागतात. ती कुठल्या धंद्यातली याला फारसं महत्त्व नसतं.

माथेरानला तर वाफ परत आणायचा एक प्रयत्नही होऊन गेला आहे. या शतकाच्या सुरुवातीला दार्जिलिंगचं ७९४ क्रमांकाचं बी-श्रेणीतलं इंजिन कोळशाऐवजी तेलावर चालेल असं करून इकडे आणलं गेलं. रुळांमधलं अंतर दोन्हीकडे सारखंच, दोन फूट. त्यातून नेहमीची सेवा काही उभी राहिली नाही. पण तो प्रयत्न फसला म्हणून प्रश्न निकालात निघत नाही. त्या इंजिनामागे या डोंगरात उभी राहिलेली माणसांची फळी नव्हती. इंजिन बाहेरून आणता येतं, पेटवणारी आणि धुऊन-पुसून जपणारी माणसं बाहेरून आणून टिकत नाहीत.

आता एक नवीच टूम निघाली आहे. डिझेल किंवा विजेच्या इंजिनाला वरून गोल टाकीचा आकार द्यायचा, चिमणी लावायची, धूर सोडायचं यंत्र आणि शिट्टीचा स्पीकर बसवायचा. अहमदाबाद-एकतानगर मार्गावर २०२३मध्ये अशी सजवलेली गाडी सुरू झाली. माथेरानच्या डिझेललाही तसाच साज चढवण्याच्या बातम्या आपण वाचल्या. मुलं खूश होतात, हे मान्य. मुलांच्या आनंदावर विरजण घालायचं नाही. पण सरकारी फाइलीत याचं वर्णन ‘वारसा’ असं व्हायला लागलं की खऱ्या इंजिनाचं काम मागे पडतं. स्पीकरची शिट्टी वाजली की कुणाला वाटतं, चला, ते काम झालं. स्टेबोल्ट वाजवून बघणारा माणूस त्यातून तयार होत नाही.

विरोधाचे मुद्दे खोटे नाहीत, आणि ते मी उडवून लावणार नाही. माथेरान २००३पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे खासगी वाहनांना मज्जाव आहे. कोळशाचा धूर तिथे कशाला? उत्तर असं की तेलावर चालणारी वाफेची इंजिनं निलगिरीला चालतात, धूर कमी होतो आणि ठिणग्या जवळजवळ नाहीशा होतात. ठिणगीचं भय खरं आहे: मार्च-एप्रिलमध्ये डोंगरावरचं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. म्हणून उन्हाळ्यात वाफ नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवार, तेही नेरळहून जुम्मापट्टीपर्यंत. पुढे माथ्यापर्यंत न्यायची घाई सुरुवातीला नकोच.

दुसरा मुद्दा माथेरानकरांचा आणि तो मला सगळ्यांत जास्त पटतो. त्यांना गाडी नेमाने हवी आहे; चिमणीची हौस त्यांच्या कामाची नाही. २००५च्या पावसात लाइन वाहून गेली आणि २००७पर्यंत बंद राहिली. २०१६मध्ये डबे रुळांवरून घसरले म्हणून बंद झाली, २०१८च्या सुरुवातीला पूर्ववत झाली. २०१९च्या पावसाने पुन्हा तीच गत. नेरळहून वर जाणारी गाडी थेट ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. आधी दरडी, गटारं, रूळ, मग शौक, असं कुणी म्हटलं तर तो बरोबरच बोलतो आहे. वाफेच्या गाडीसाठी डिझेलची एकही फेरी कमी होता कामा नये. पण सुट्टीच्या दिवशी वाफेसाठी येणारे प्रवासी जर जास्तीचं तिकीट देणार असतील, तर त्यातला ठरावीक वाटा लाइनच्या देखभालीलाच जावा, असं लिहून घेता येतं. ते लिहून घेण्याची जबाबदारी माथेरानकरांचीच, कारण नंतर त्यांच्याशिवाय कुणी विचारणार नाही.

आणि पैसा? रेल्वेने वारसा मार्गांवर हायड्रोजनवर चालणाऱ्या पस्तीस गाड्यांची योजना आखली, त्यात एका गाडीला ८० कोटी आणि मार्गावरच्या सोयींना ७० कोटी असा अंदाज सांगितला गेला. योजना चांगली की वाईट, हा वेगळा विषय. पण डोंगरी रेल्वेसाठी खिशात पैसाच नाही, असं यापुढे कुणी सांगू नये.

मला काय हवं आहे ते नेमकं सांगतो. दोनपैकी एक इंजिन. फक्त एक. दुसरं जसं आहे तसं राहू द्या. त्याचा एकही मूळ भाग बदलू नये, कारण पुढच्या संशोधकाला मूळ खिळ्याचं मोजमाप तिथेच मिळेल. पहिल्याला चौथऱ्यावरून उतरवून नेरळच्या छपराखाली न्यावं. बॉयलरच्या पत्र्याची जाडी जागोजागी अल्ट्रासॉनिकने मोजावी, नळ्या काढून बघाव्यात, आणि जे निघेल ते जाहीर करावं. वाईट निघालं तरी. बॉयलर निकामी असेल तर नवा बनवावा लागेल. त्यात कमीपणा काही नाही. शंभर वर्षांवरच्या चालत्या इंजिनांपैकी बहुतेकांचे बॉयलर बदललेलेच असतात, आणि बॉयलर बदलला की इंजिन ‘खरं’ राहिलं का, असा वाद घालणाऱ्यांना शेडमध्ये एक दिवस राख काढायला लावावं. क्लीन-लिंडनरच्या धुऱ्याचं मात्र कठीण आहे, त्याची प्रत्येक झीज मोजून रेखाटनं करावी लागतील. तेवढं होईपर्यंत, येत्या पावसाआधी, दोन्ही इंजिनांच्या चिमणीवर झाकण, स्मोकबॉक्समधली राख बाहेर आणि डोक्यावर पत्रा. या तीन कामांना निविदाही काढावी लागू नये.

२२ मार्च २०३२ला या लाइनला एकशे पंचवीस वर्षं होतील. त्या दिवशी हे इंजिन आपल्या वाफेवर जुम्मापट्टीला जायला हवं. वेळ भरपूर वाटतो, तसा तो नाही. बॉयलरला दोन वर्षं, चाकं आणि धुऱ्यांना दोन, चाचण्यांना एक, आणि पेटवायला-चालवायला शिकणाऱ्या पोरांना या सगळ्या काळात इंजिनाच्या अंगाखांद्यावर वाढावं लागेल. अगदी काटकसरीने मांडलेलं हे गणित आहे.

महाराष्ट्रात काय नाही? कोल्हापूरला ओतकामाच्या भट्ट्या आहेत, त्यांना ब्रेकचे ठोकळे आणि विस्तवाच्या जाळ्या ओतायला किती वेळ लागणार! पुण्याच्या आसपास बॉयलर बनवणारे कारखाने आहेत. त्यांच्या वेल्डरांनी शनिवारी चार तास दिले तर सरकारी अंदाजपत्रकातली मोठी ओळ खोडता येईल. कुर्डूवाडीला अरुंद गेजच्या कामाची परंपरा आहे, नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. कर्जत-पनवेल पट्ट्यात आयटीआयची पोरं फिटर आणि वेल्डरचे कोर्स करून नोकरी शोधत फिरतात. एका इंजिनावर पाच वर्षं काम केलेला फिटर कुठल्याही प्रेशर व्हेसलच्या कारखान्यात ताठ मानेने उभा राहील, हे त्यांच्या शिक्षकांना सांगावं लागणार नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्या धुऱ्याचं त्रिमित रेखाटन करा. इंटरनेटवरून उचललेल्या प्रकल्पापेक्षा त्याला गुण जास्त मिळतील, किंवा निदान परीक्षकाला झोप येणार नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना वेगळी विनंती आहे. लंडन, मिल्टन कीन्स, ल्यूटन या भागांत तुमची मोठी वस्ती आहे आणि लेटन बझर्ड तिथून हाकेच्या अंतरावर. गणेशोत्सवाची सुट्टी काढता, तसा एखादा शनिवार काढा. ७४० बघा, स्वयंसेवक म्हणून नाव द्या, तिथल्या शेडमध्ये राख काढा, तेल घाला, शिका. वाफेवर चालणारी दोन फुटी रेल्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालवायची कशी, विमा कुणाचा, जबाबदारी कुणाची, हिशेब कसे, हे सगळं तिथे रुळलेलं आहे. ते टिपून इकडे पाठवा. पैशापेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

आणि नेरळ, कर्जत, कुर्डूवाडी, परळ, भुसावळ इथल्या जुन्या रेल्वे कुटुंबांनो, हे सर्वांत आधी तुमच्यासाठी. घरात आजोबा असतील, काका असतील, शेजारी कुणी निवृत्त फायरमन असेल, तर फोनचा रेकॉर्डर लावून त्यांच्यासमोर बसा. ‘तुमच्या आठवणी सांगा’ असं विचारू नका. माणूस गोंधळतो आणि मग बढतीच्या तक्रारी सांगत बसतो. पाणी कमी झालं तर आधी काय करायचे ते विचारा. ओल्या कोळशाचं काय करायचे, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर धरला नाही तर काय, चाकं घसरली तर वाळू कधी सोडायची. हात कसा धरायचे ते करून दाखवायला सांगा आणि त्याचा व्हिडिओ काढा. त्यांची स्पॅनर-हातोड्याची पेटी माळ्यावर असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका.

बाकी सगळ्यांनी पत्र लिहावं. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई. पत्रात वारसा, अस्मिता वगैरे काही नको. तीनच प्रश्न विचारा. दोन्ही इंजिनांच्या बॉयलरची शेवटची तपासणी कधी झाली? छप्पर कधी घालणार? एक इंजिन चालतं करायचा खर्च काढला आहे का, आणि नसल्यास कधी काढणार? पत्र मराठीत लिहा, पोच मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर तेच तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात टाका. दहा रुपये लागतात.